गाडीवरचे पांढरे डाग : दोष शेवटच्या पाण्याचा

नंदुरबार जिल्ह्यात आम्ही व्यापारी मंडळी गाडी बहुधा घरीच, बोअरच्या पाण्याने धुतो. वाळल्यावर काचेवर व पत्र्यावर पांढरे ठिपके उमटतात. आम्ही साबण बदलतो; पण दोष साबणाचा नसतो. काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. उन्हात ते रंगावर घट्ट बसतात. मग गाडी विकायला काढली की भाव कमी मिळतो. तुरटीने गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत.

उपाय सोपा आहे. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी साबण लावून धुण्यास वापरावे. त्यात क्षार जास्त असल्याने शेवटी मात्र ते घेऊ नये. शेवटची बादली साठवलेल्या पावसाच्या किंवा आर.ओ.च्या गाळलेल्या पाण्याची असावी. ती टपावरून हळू ओतावी व लगेच मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. कोऱ्या कापडाची खळ आधी धुऊन काढावी.

वुजू करतानाही पाण्याचा इसराफ मना आहे; मग गाडीसाठी नळी मोकळी सोडणे आम्हाला कसे शोभेल?