चर्चा कशी चालवावी? संघाची शिकवण

विहारात चर्चा सुरू होते. दोन-चार आवाज चढतात. विद्यार्थी आणि भगिनी गप्प बसतात. पुढच्या रविवारी निम्म्या चटया रिकाम्या दिसतात. असे अनेक ठिकाणी घडते. म्हणून चर्चेचे नियम आपण समजून घेतले पाहिजेत.

हे नियम बाहेरून आणावे लागत नाहीत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात सांगितले की, आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी व गुप्त मतदान यांचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते.

विनयपिटकात याचा तपशील सापडतो. विषय आधी संघापुढे मांडला जाई. त्यास 'ञत्ति' म्हणत. महत्त्वाच्या बाबतीत ठराव तीन वेळा ऐकवीत. मान्य असेल त्याने मौन राखावे, मान्य नसेल त्याने बोलावे. एकमत न झाल्यास 'सलाका', म्हणजे काड्या वाटून मत घेत. काड्या वाटणारा भिक्खू लोभ, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा लागे. आपल्या सभेच्या अध्यक्षाची कसोटी हीच आहे.

दुसऱ्याची चूक दाखविणाऱ्यालाही पाच बंधने होती : योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीभावाने बोलावे.

हे सुटले की काय होते, ते कोसंबीत दिसले. अट्ठकथेनुसार शौचालयातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून वाद निघाला आणि संघात दोन तट पडले. तथागतांनी समजावूनही भिक्खू ऐकेनात, तेव्हा ते एकटे निघून गेले. पुढे उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन व भिक्षा देणे थांबविले, तेव्हा कुठे ते भानावर आले. वाद आवरण्याची जबाबदारी केवळ व्यासपीठाची नसून श्रोत्यांचीही असते, हा यातील बोध आहे.

नवागताचे स्वागतही विनयात सांगितले आहे. आलेल्या भिक्खूला आसन, पाणी व राहण्याची जागा दाखविणे हे तेथील भिक्खूंचे कर्तव्य होते. आपणही नव्या विद्यार्थ्याला पुढे बसवावे, त्याचे नाव विचारावे आणि ज्येष्ठांच्या आधी त्याला बोलू द्यावे. विषय आधी कळवावा, प्रत्येकाला ठरावीक वेळ द्यावा, व्यक्तीवर टीका होताच अध्यक्षांनी थांबवावे.

आपल्या विहारात सर्वांत लहान आवाजही निर्भयपणे उमटावा, एवढीच आमची समाजबांधवांना विनंती आहे.