बालाघाटाहून लडाखला : शरीराचे उंचीशी अनुकूलन

बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असून जिल्ह्यातील बालाघाटाचे डोंगरही १,००० मीटरपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे येथून सैन्यात गेलेला जवान जेव्हा सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला उतरतो, तेव्हा त्याच्या शरीरापुढे सर्वस्वी नवी परिस्थिती उभी राहते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते, मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो. श्वसन व नाडी तत्काळ जलद होतात. या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्ताचा अल्कधर्म वाढतो आणि मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट उत्सर्जित करून तो तोल सावरतात. मूत्रपिंडांतूनच स्रवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारे द्रव्य, अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवण्यास प्रवृत्त करते, परंतु ही वाढ पुरी होण्यास अनेक आठवडे लागतात. तारुण्य व कमावलेले शरीर विरळ हवेच्या विकारांपासून संरक्षण देत नाही, ही बाब विशेष गांभीर्याने घ्यावयास हवी. म्हणूनच भारतीय सैन्यात ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यासाठी सहा दिवस आणि त्यापुढील दोन टप्प्यांसाठी प्रत्येकी चार दिवस अनुकूलनाकरिता राखून ठेवले जातात.