अंगणातला गुलाब कोणत्या जातीचा?

भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. चोपण माती आणि खारं पाणी सोसून इथल्या अंगणात वर्षानुवर्षं फुलणाऱ्या गुलाबाचं नाव बहुतेकदा घरात कोणालाच ठाऊक नसतं. ते शोधायला आपण फुलापासून सुरुवात करतो. करायला हवी बुंध्यापासून.

नर्सरीतला गुलाब दोन झाडांचा मिळून झालेला असतो. खाली चिवट खुंट, वर डोळा भरलेली जात. बुंध्याजवळची माती हलकेच बाजूला करा, जाडसर गाठ दिसेल. गाठीच्या वरचा फुटवा जातीचा, खालचा खुंटाचा. वरची जात मरते, खुंट माजतो आणि ‘गुलाबानं रंग बदलला’ असं घरात म्हटलं जातं. मल्टिफ्लोराचा खुंट ओळखायला सोपा. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली हिरवी उपपर्णं बघा. त्यांची कड झालरीसारखी कातरलेली असते. फुलं बारकी, पांढरी, झुबक्यात येणारी.

गाठ नसेल, तर झाड बहुधा काडी लावून वाढलेलं आहे. गुलाबी, दाट पाकळ्यांचं, घमघमणारं आणि पुन्हा पुन्हा फुलणारं असेल, तर आधी एडवर्ड आठवावा. हा रियुनियन बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला संकर. फक्त वसंतात बहर येत असेल, तर दमास्क म्हणजे चैती गुलाबाचा विचार करावा.

गाठीवरचं झाड निघालं, तर मग फूल बघायचं. पण उन्हाळ्यात नाही. वऱ्हाडातल्या उन्हात फूल लहान राहतं, रंग विटतो. ऑक्टोबरात छाटणी करा. साधारण दीड महिन्यानं येणारं फूल खरा रंग दाखवतं. उमलती कळी, पूर्ण फूल आणि कोमेजतं फूल असे तिन्ही फोटो काढा. एक फूल सोडवून पाकळ्या दहा-दहाच्या ओळीत मांडून मोजा. वास सकाळी घ्या. काट्यांचा आकार, झाडाची उंची, एका दांडीला किती फुलं येतात, तेही लिहा.

पानांनी मात्र फसू नका. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे जातीचं लक्षण नव्हे. चोपण जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, त्याची ती खूण. करपलेल्या कडा खाऱ्या पाण्याच्या असू शकतात.

आता जुळणी. पूर्वीपासून घरोघर लावल्या गेलेल्या जाती आधी तपासा: नारिंगी-पोवळ्या रंगाचा सुपर स्टार (१९६०), गडद लाल-गुलाबी ग्लॅडिएटर (१९५५), उंच वाढणारा, झुबक्यात फुलणारा गुलाबी क्वीन एलिझाबेथ (१९५४), गुलाबी कडेचा पिवळा पीस (१९४५). झाड कधी लावलं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यानंतर बाजारात आलेली जात आपोआप बाद होते.

एकच लक्षण जुळलं म्हणून नाव ठरवू नका. निदान चार-पाच जुळायला हवीत. तरी शंका राहिली, तर फुलासह फांदी आणि नोंदी घेऊन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना दाखवा. नाव मिळो न मिळो, हिवाळ्यात त्याच्या दोन-चार काड्या कुंडीत लावून ठेवाच. खारपाणपट्ट्यात इतकी वर्षं टिकलेलं झाड जपण्याजोगं आहे, हे तर आताच सिद्ध झालेलं आहे.