विश्लेषण : निवृत्तीनंतर गावचे घर की तालुक्यातला फ्लॅट? कोकणात परतताना काय तपासावे?

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या कोकणी कुटुंबांत निवृत्ती जवळ आली की एक चर्चा हमखास सुरू होते. गावी वडिलोपार्जित घर आहे, अंगण आहे, निवांतपणा आहे. दुसरीकडे चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीसारख्या शहरांत रेल्वे, बाजार आणि डॉक्टर हाताशी आहेत. फंडाचे पैसे एकदाच मिळतात, त्यामुळे निवड फसली तर ती दुरुस्त करणे अवघड जाते. रत्नागिरी जिल्ह्याच्या अनुषंगाने या प्रश्नाचा आढावा.

हा प्रश्न कोकणात इतका गंभीर का?

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती वाढण्याऐवजी सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष मुंबई-पुण्यात. जिल्ह्यातील साधारण सहापैकी पाच माणसे तेव्हा ग्रामीण भागात राहत होती. आज अनेक वाड्यांतील घरे फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. शांतता हवी असलेल्याला ती भरपूर मिळते. पण बंद घरांच्या वाडीत अडीअडचणीला धावून येणारी माणसेही कमी असतात.

शहरापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजावे का?

केवळ किलोमीटर पाहून फसगत होते. ‘चिपळूणपासून २० किलोमीटर’ म्हणजे महामार्गालगतचे गावही असू शकते आणि घाटापलीकडची वाडीही. कोकणात अनेक घरांपर्यंत वाहन जात नाही. रस्ता वर संपतो आणि पुढे जांभ्या दगडाची पाखाडी उतरावी लागते. पासष्टाव्या वर्षी ती सोपी वाटते, पंच्याहत्तरीत गुडघे दुखू लागले की तीच पाखाडी घरात डांबून ठेवते.

एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मी सवलत आहे. पण सवलतीचा उपयोग गाडी आली तरच. गावात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी अजून चालू आहे का, शाळेला सुट्टी लागल्यावर किती फेऱ्या उरतात, तालुक्याहून परतीची शेवटची गाडी कितीला सुटते, हे आगारात आणि गावात दोन्हीकडे विचारावे. रेल्वेचेही तसेच. स्थानक जवळ असून भागत नाही. तिथे कोणती गाडी थांबते आणि रात्री उतरल्यावर रिक्षा मिळते का, हे महत्त्वाचे.

रात्री-अपरात्री दुखणे आले तर?

सरकारी निकषानुसार सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आणि प्राथमिक उपचार यांची सोय तिथे होऊ शकते. प्रश्न येतो तो हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आल्यावर. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. लक्षणे ओळखणे, गाडी बोलावणे, रुग्णाला खुर्चीत बसवून पाखाडी चढवणे आणि घाट उतरणे यातच दोन-अडीच तास सहज जातात.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे. ती घरापर्यंत पोहोचते की वरच्या रस्त्यावरच थांबते, हा खरा प्रश्न. सर्पदंशावरील लस, सीटी स्कॅन आणि रात्री हजर असणारा डॉक्टर, या तीन गोष्टी सर्वात जवळ कुठे आहेत, हे आधी पाहून ठेवावे. त्याचे उत्तर दर वेळी शहर असेलच असे नाही. चिपळूण तालुक्यात सावर्डेजवळच्या डेरवण या गावात वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. त्यामुळे ‘गाव की शहर’ याइतकाच ‘कोणते गाव’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

शहरात घर घेतले की निश्चिंत?

तसेही नाही. वाशिष्ठीच्या काठावरचे चिपळूण २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुरात बुडाले. बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळमजल्यावरची घरे उद्ध्वस्त झाली. नदीकाठच्या शहरात घर घेताना ते निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषेच्या (१०० वर्षांतून एकदा येणारा पूर) आत येते का, हे तपासावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पुरापासून वाचवतो, पण म्हातारपणी तो पाखाडीइतकाच जड जातो.

गावालाही धोके आहेतच. डोंगरउतारावरील वस्त्यांना दरडींची भीती असते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज आणि मोबाइल नेटवर्क नव्हते.

पाण्याचे काय?

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये उंचावरील वाड्यांना टँकर लागतो. जांभ्या खडकात पाणी फार काळ टिकत नाही. विहीर दिवाळीत पाहून समाधान मानू नये, ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहावी. परसबागेची स्वप्ने रंगवण्याआधी माकडे आणि रानडुकरे काय शिल्लक ठेवतात, हेही शेजाऱ्यांना विचारावे.

कागदपत्रांत मेख कुठे असते?

वडिलोपार्जित घरजागेवर बहुधा अनेक चुलत भावंडांची नावे असतात. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा (नमुना ८) हा करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आणि शक्यतो नोंदणीकृत वाटप होण्याआधी सामायिक घरावर फंडाचे पैसे घालणे जोखमीचे. नवी जागा घ्यायची तर सातबारावर नाव नसलेल्या बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यांना तुकडेबंदीचे नियम आड येऊ शकतात. आडवाडीतले घर विकायला काढले तर गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. शहरातला फ्लॅट तुलनेने लवकर विकला किंवा भाड्याने दिला जातो.

मग निवड कशी करावी?

निर्णय दोघांचा असतो, पण शेवटची काही वर्षे बहुधा एकालाच काढावी लागतात. स्त्रियांचे सरासरी आयुर्मान अधिक असल्याने मागे राहणारी व्यक्ती अनेकदा पत्नी असते. गाडी मात्र बहुतेक घरांत पती चालवतो. म्हणून ‘आज आपल्याला काय आवडते’ याच्या जोडीला ‘गाडी चालवणारा नसेल तेव्हा बाजार, बँक आणि दवाखाना कसा गाठायचा’ हेही घरात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. त्या चर्चेत पत्नीचे मत आधी विचारावे.

दोन टोकांच्या मध्ये वाटा आहेत. महामार्गालगतचे, दिवसभर एसटी असलेले आणि रुग्णालयापासून अर्ध्या तासावरचे गाव ही एक वाट. गावचे घर राहण्याजोगे दुरुस्त करून तालुक्यात छोटी जागा भाड्याने घेणे ही दुसरी. पहिली दहा वर्षे गावात आणि त्यानंतर शहरात, असे आधीच ठरवून शहरातील जागेसाठी रक्कम बाजूला ठेवणे ही तिसरी.

कोणतीही वाट धरली तरी सगळे पैसे एका वास्तूत अडकवण्याआधी त्या ठिकाणी दोनदा मुक्काम करावा. एकदा मेच्या उन्हात आणि एकदा जुलैच्या पावसात, तोही किमान पंधरा दिवसांचा आणि गाडी न वापरता.