पावती मिळाली, खर्चाचं काय?

जखमी कुत्र्याचा फोटो, खाली प्राणिसंस्थेचा क्यूआर कोड. चंडीगडमध्येही पैसे द्यायला क्षण पुरतो. ते कुठे गेले हे कळायला वर्ष पुरत नाही. लोकांचा संशय रास्तच आहे.

आयकर सवलतीच्या पावतीवर संस्थेचा पॅन आणि नोंदणी क्रमांक असतो. 2021-22पासून अशा संस्थांना देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो. पण त्यातून पैसे पोचले एवढंच सिद्ध होतं. औषधांवर किती आणि जाहिरातींवर किती, हे नाही. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चावर 2020मध्ये 20 टक्क्यांची मर्यादा आली, आधी ती 50 होती. देशी देणग्यांनाही ती हवी.

खर्चाचा हिशेब मागण्याची एक वाट मात्र चंडीगडमधूनच निघाली. इथल्या डीएव्ही महाविद्यालयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2019 रोजी ठरवलं, की सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी बिगरसरकारी संस्थाही माहिती अधिकाराखाली येते. त्यामुळे मोठं सरकारी अनुदान घेणाऱ्या प्राणिसंस्थेकडेही अर्ज करता येतो. लेखापरीक्षण अहवाल, नसबंदी शस्त्रक्रियांची नोंदवही आणि औषधखरेदीची बिलं, तिन्ही एकदमच मागावीत.