जपानी बनावटीच्या जुन्या टू-स्ट्रोक वाहनांचे वेगासाठी रूपांतर : शर्यतपथ आणि रस्ता यांतील भेद (विशेष संदर्भ : कोल्हापूर)

प्रस्तावना :

कोल्हापूरची ओळख कुस्ती, गूळ आणि चर्मोद्योग यांबरोबरच यंत्रकारागिरीशीही जोडलेली आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, बोअरिंग आणि वेल्डिंगची छोटी दुकाने, तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा यांनी ऊस गाळण्याच्या चरकापासून ऑइल इंजिनापर्यंत आणि पुढे मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत मजल मारली. यंत्र उघडून पाहणे, त्याचा भाग स्वतः घडवणे आणि ते अधिक चांगले चालावे म्हणून खटपट करणे ही वृत्ती या शहराच्या अंगी मुरलेली आहे. त्यामुळे १९८० च्या दशकात जपानी बनावटीच्या वेगवान दुचाकी भारतात आल्यावर त्यांच्याभोवती येथे एक स्वतंत्र कारागिरी उभी राहिली, यात नवल नाही.

यामाहा आरएक्स १०० आणि राजदूत ३५० ही या कारागिरीची प्रमुख वाहने होत. त्यांच्या इंजिनात केल्या जाणाऱ्या बदलांना सर्वसाधारण बोलीत ‘मॉडिफिकेशन’ म्हटले जाते. या बदलांमुळे गाडीची शक्ती ‘वाढते’, असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची यंत्रशास्त्राच्या आधारे तपासणी केली आहे. शर्यतपथासाठी योग्य असलेला बदल रस्त्यावर अयोग्य, किंबहुना घातक का ठरतो, हे स्पष्ट करणे हा लेखाचा मुख्य उद्देश आहे.

१. जपानी टू-स्ट्रोकचा वारसा :

टू-स्ट्रोक इंजिनात झडपांची गुंतागुंत नसते. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या, म्हणजेच पोर्ट, पिस्टन वर-खाली जाताना स्वतःच उघडतो व झाकतो. या साध्या रचनेतून मोठी शक्ती मिळवण्याचे शास्त्र पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यातील अभियंता वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात विकसित केले. धुराच्या नळीतून परतणाऱ्या ध्वनिलहरीचा उपयोग करून बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलता येते, हे त्याने शर्यतींत सिद्ध केले. त्याच कारखान्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे निसटला आणि हे ज्ञान त्याच्यासह जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेले. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद डेग्नरच्याच हस्ते मिळवले. पुढे यामाहा व सुझुकी या कंपन्यांनी शर्यतीतील हे शास्त्र सर्वसामान्यांच्या दुचाकीत उतरवले.

भारतात एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये यामाहाच्या आरडी ३५० वर आधारित राजदूत ३५० बाजारात आणली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, सहा गिअर आणि आरंभीच्या आवृत्तीत सुमारे ३० अश्वशक्ती, असे तिचे स्वरूप होते. १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० ही ९८ सीसीची, सुमारे ११ अश्वशक्तीची आणि वजनाला अत्यंत हलकी गाडी होती. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. मात्र तिच्याविषयीची ओढ कमी झाली नाही. सुस्थितीतील जुन्या आरएक्सला आजही कोल्हापुरात मागणी आहे.

२. रूपांतराचे तांत्रिक स्वरूप :

या इंजिनांवर सामान्यतः चार प्रकारचे बदल केले जातात.

अ) पोर्टिंग : धूर बाहेर जाण्याच्या पोर्टची वरची कड घासून उंच केली जाते. आरएक्स १०० च्या पिस्टनचा प्रवास ५० मिलिमीटर आहे. ही कड एक मिलिमीटर वर नेली, तर क्रँकच्या प्रत्येक फेरीत पोर्ट उघडे राहण्याचा काळ सुमारे चार ते पाच अंशांनी वाढतो. अधिक काळ उघडे राहणारे पोर्ट उच्च गतीत इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देते. मात्र कमी गतीत तेच पोर्ट मिश्रण वाया घालवते व दाब घटवते.

आ) एक्स्पान्शन चेंबर : मूळ सायलेन्सरच्या जागी पोटाशी फुगीर व शेवटी निमुळती होणारी नळी बसवली जाते. परतणारी लहर पोर्ट बंद होण्याच्या नेमक्या क्षणी पोहोचेल, अशी तिची लांबी ठरवावी लागते. ही लांबी एका विशिष्ट गतीपुरतीच अचूक असते. म्हणून केवळ आवाजासाठी अंदाजाने जोडलेली नळी बहुधा शक्ती घटवते.

इ) हेड कातणे : लेथवर सिलिंडर हेड थोडे कातून मिश्रणावरील दाब वाढवला जातो. यामुळे ओढ सुधारते. तथापि मर्यादा ओलांडल्यास मिश्रण वेळेआधी पेटून खटका बसू लागतो व पिस्टनच्या डोक्याला भोक पडते.

ई) कार्बोरेटर व जेट : मोठा कार्बोरेटर बसवून त्यानुसार जेट बदलले जातात. जाणकार मेस्त्री प्लगचा रंग पाहून मिश्रणाची पारख करतो. तपकिरी रंग योग्य, काळा म्हणजे इंधन जास्त आणि पांढरट म्हणजे इंधन कमी, हे त्याचे गणित असते.

या चारही बदलांचा एकत्रित परिणाम ध्यानात घेतल्यास एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. शक्ती सर्वत्र वाढत नाही, तर तिचे स्थानांतर होते. वरच्या गतीत जे मिळते, त्याची किंमत खालच्या गतीत मोजावी लागते. याशिवाय यांत्रिक ताणही वाढतो. ७,५०० फेऱ्यांवर चालण्यासाठी घडवलेले इंजिन १०,००० फेऱ्यांवर नेले, तर पिस्टन व कनेक्टिंग रॉडवर येणारे जडत्वाचे बल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ १.७८ पट होते. मूळ बेअरिंग हा ताण फार काळ सोसू शकत नाही.

३. शर्यतपथ आणि रस्ता यांच्या गरजा :

शर्यतपथावर चालक इंजिन सतत वरच्या गतीत ठेवतो. समोरून वाहन येत नाही, वळणे पाठ असतात, वैद्यकीय पथक सज्ज असते आणि शर्यत संपल्यावर इंजिन उघडून पाहिले जाते. तेथे अरुंद शक्तिपट्टा चालतो. रस्त्याची गरज याच्या उलट असते. दसरा चौकातील सिग्नलवर थांबणे, महाद्वार रोडच्या गर्दीतून संथ जाणे, उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओलांडणे, या सर्वांसाठी खालच्या व मध्यम गतीतील ओढ लागते. पोर्टिंग केलेली गाडी नेमकी तेथेच मंद असते आणि विशिष्ट गती गाठताच एकाएकी उसळी घेते. ओल्या रस्त्यावर ही उसळी चाक निसटण्यास पुरेशी ठरते.

थांबण्याच्या क्षमतेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरऐवजी ११० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकला सुमारे १.९ पट ऊर्जा शोषावी लागते. आरएक्स १०० ला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. राजदूत ३५० मध्ये तर मूळ जपानी गाडीच्या पुढील डिस्कऐवजी ड्रम ब्रेक बसवण्यात आला होता. इंजिनावर पैसे खर्च करणारा तरुण ब्रेक, टायर व शॉकअब्सॉर्बर मूळचेच ठेवतो, तेव्हा गाडी वेगवान होते, पण तिचे थांबणे मागेच राहते.

४. स्थानिक हवामान, घाट व इंधन :

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथील हवा समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे पाच टक्के विरळ असते. येथे बेताने लावलेले जेट आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेल्यावर कमी पडते. मिश्रणात इंधन कमी झाले की इंजिन तापते.

घाट उतरताना आणखी एक धोका असतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पुरवणारा स्वतंत्र ऑइल पंप यामाहाच्या मूळ रचनेत आहे. इंजिन फिरत असेपर्यंत तो थोडे तरी तेल देत राहतो. अनेकदा हा पंप काढून तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळले जाते. अशा गाडीचा ॲक्सिलरेटर उतारावर बंद ठेवला, की इंधनासोबत तेलही थांबते. इंजिन मात्र चाकाच्या जोरावर वेगाने फिरतच राहते. अशा वेळी पिस्टन पकडला, तर मागचे चाक जागीच अडकते.

इंधनाचे स्वरूपही आता बदलले आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वापर रूढ झाला. या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो. त्या अर्थाने कोल्हापूरचे शिवार गाडीच्या टाकीपर्यंत पोहोचले आहे. पेट्रोलच्या एका भागाच्या ज्वलनास वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ भाग. परिणामी शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या जुन्या जेटमधून मिळणारे मिश्रण सुमारे सात टक्के विरळ पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते व जुन्या रबरी भागांना इजा करते. मूळ स्थितीतील इंजिनाला एकवेळ हे सोसते, पण पोर्टिंग व हेड कातलेल्या इंजिनाला सोसत नाही.

५. कायद्याची भूमिका :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही असा बदल अडचणीचा ठरू शकतो. तेव्हा कायद्याच्या दृष्टीनेही वेगासाठी केलेल्या रूपांतराची जागा रस्ता नव्हे, शर्यतपथ हीच आहे.

६. शर्यतपथाचा पर्याय :

इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतपथ, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही देशातील प्रमुख केंद्रे कोल्हापूरपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. परंतु कोल्हापूरजवळच मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा शर्यतपथ उभा राहिला व तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या. ध्रुव मोहिते व ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेले कृष्णराज महाडिक हे शर्यतपटू कोल्हापूरचेच आहेत.

कार्टिंगमधील एक नियम येथे उद्बोधक आहे. रोटॅक्स मॅक्स गटातील १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन सीलबंद असते. त्याला हात लावता येत नाही. स्पर्धकाने टायरमधील हवा, चेनचे दात, सांगाड्याची मांडणी व कार्बोरेटरचे जेट यांतूनच वेळ वाचवायचा असतो. वेग केवळ इंजिनात नसतो, याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

निष्कर्ष :

१) टू-स्ट्रोक इंजिनातील रूपांतराने शक्ती वरच्या गतीकडे सरकते व खालच्या गतीत घटते.
२) हा विनिमय शर्यतपथावर लाभदायक, तर रस्त्यावर हानिकारक ठरतो.
३) रस्त्यावरील जुन्या जपानी गाडीची खरी सुधारणा म्हणजे मूळ मापाचे बोअरिंग, चालू ऑइल पंप, नव्या इंधनास अनुरूप जेट, चांगले टायर आणि उत्तम स्थितीतील ब्रेक.
४) पोर्टचे अंश मोजणारे व प्लगचा रंग वाचणारे मेस्त्री हे या शहराचे ज्ञानधन आहे. त्यांचे ज्ञान बहुतांशी तोंडीच चालत आले आहे. टू-स्ट्रोकचे युग मावळत असताना अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांनी ते लिहून घेणे आणि त्याला अधिकृत स्पर्धांशी जोडणे आवश्यक आहे.

केवळ दंड करून तरुणांची वेगाची ओढ संपणार नाही. तिला योग्य जागा मिळाली, तर उद्यमनगरातील हात शर्यतपथावर उपयोगी पडतील आणि गाडी घेऊन बाहेर पडलेला मुलगा सुखरूप घरी परतेल.