बेअरिंगची धास्ती आणि बॉक्स्टरचा हिशेब

साधारण २००७ ते २०१३ या काळात अमेरिकेतल्या सेकंडहँड स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघायचा. पोर्शे बॉक्स्टर विकून होंडा एस२००० घ्यावी का? गंमत म्हणजे विचारणाऱ्याची बॉक्स्टर बहुधा ठणठणीत असायची. सकाळी पहिल्या किल्लीला चालू व्हायची, ऑफिसला नेऊन आणायची, रविवारी छप्पर उघडून डोंगरातल्या वळणांवर मनसोक्त पळायची. तरी मालकाच्या डोक्याला घोर, आणि त्याचं कारण इंजिनाच्या पोटातलं एक बेअरिंग. तेव्हा दोन्ही बाजूंनी हिरिरीने मांडले गेलेले हिशेब आज पुन्हा तपासले तर बरेचसे उलटेच निघालेले दिसतात.

बॉक्स्टर मुळात पोर्शेचा जीव वाचवायला आली होती. १९८६ मध्ये अमेरिकेत ३० हजार गाड्या विकणारी ही कंपनी १९९३ पर्यंत चार हजारांच्याही खाली आली. व्हेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची घडी नव्याने बसवली. नवी ९११, म्हणजे ९९६, आणि तिच्याहून बरीच स्वस्त बॉक्स्टर या दोन गाड्यांचा खर्च एकमेकींत वाटून घ्यायचा, असं ठरलं. म्हणून दोघींचं तोंड एकच, दारं एकच, ‘तळलेलं अंडं’ म्हणून हिणवले गेलेले दिवेही एकच. इंजिनही एकाच कुळातलं, हवेऐवजी पाण्यावर थंड होणारं. जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. पण बॉक्स्टरचं उत्पादन १९९६ मध्ये सुरू झालं आणि मागणी एवढी आली, की वर्षभरात फिनलंडमधल्या वाल्मेटकडून गाड्या बांधून घ्याव्या लागल्या. अमेरिकेत किंमत ४० हजार डॉलरच्या आसपास. कंपनी वाचली. पुढे ती श्रीमंतही झाली, पण तो वेगळा विषय.

त्याच सुमारास वाय-टू-केच्या लाटेवर आपल्याकडची कितीतरी मंडळी न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात उतरत होती. त्यांची पहिली गाडी ठरलेली: कोरोला, सिव्हिक, फार तर अ‍ॅकॉर्ड. मग ग्रीन कार्ड, घर, मुलं. हे सगळं मार्गी लागेपर्यंत पहिल्या बॉक्स्टर जुन्या होऊन बाजारात आल्या होत्या आणि पाच-सात वर्षांची बॉक्स्टर नव्या कॅमरीच्या भावात मिळू लागली होती. ‘कॅमरीच्याच पैशात आली’ हे वाक्य त्या काळात किती घरांत किती निरागस चेहऱ्याने उच्चारलं गेलं असेल, देव जाणे. ते खोटं नव्हतं. फक्त कॅमरीला एका वेळी जेवढं ऑइल लागतं त्याच्या जवळपास दुप्पट बॉक्स्टरला लागतं, ती साडेआठ-नऊ लिटर पिते, ही माहिती त्या वाक्यात नसायची.

आता त्या बेअरिंगविषयी. बॉक्स्टरच्या इंजिनात क्रँकशाफ्टखाली एक मधला दांडा फिरतो, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँककडून आलेली गती तो साखळ्यांमार्फत दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टकडे पोचवतो. त्याच्या क्लचकडच्या टोकाला ग्रीस भरलेलं बंदिस्त बॉल बेअरिंग असतं. वर्षांनुवर्षं तापून त्याचं सील कडक झालं, की इंजिनाचं ऑइल आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन जातं. आत शिरलेलं ऑइल तिथेच अडकून खराब होतं, गोळ्या झिजायला लागतात. बेअरिंग फुटलं की दांडा जागा सोडतो, साखळ्यांचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन गेलं. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळी होत्या. २००० च्या सुमारास एकच ओळ असलेलं बेअरिंग बसू लागलं आणि रडकथा वाढल्या त्या या गाड्यांच्या. २००६ च्या मॉडेलांपासून बेअरिंग मोठं झालं, पण ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर येत नाही. २००९ च्या मॉडेलांच्या नव्या इंजिनातून तर हा दांडाच गायब झाला. कंपनीने त्याविषयी फार बोलणं टाळलं, पण सगळं सांगायला तेवढं पुरेसं होतं.

बहुसंख्य गाड्यांची बेअरिंगं कधीच फुटली नाहीत, हेही तितकंच खरं. पण ज्याचं फुटलं त्याला नव्या इंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या पुढचा आकडा ऐकायला मिळायचा आणि तोवर त्याची अख्खी गाडी तेवढ्याची उरलेली नसायची. त्यात पूर्वसूचना जवळपास नाही. आणि मेकॅनिक सांगायचे, की कमी चालवलेल्या, जपून गॅरेजमध्ये ठेवलेल्या गाड्यांना धोका जास्त. जपणाऱ्यालाच शिक्षा, असा हा न्याय होता.

माझ्या ओळखीतल्या एका सांगलीकराकडे २००१ ची बॉक्स्टर एस होती. ऑइल बदललं की लोक जुना फिल्टर टाकून देतात. हा तो सुरीने कापायचा. आतला घड्यांचा कागद सोडवून, पसरून, पांढऱ्या किचन टॉवेलवर निथळत ठेवायचा, आणि मग टॉर्च लावून एकेक घडी उलगडत तपासायची. काळे प्लास्टिकचे तुकडे दिसले तर साखळीच्या पट्ट्यांची झीज, चालायचंच. काही चकाकलं, की त्यावरून चुंबक फिरवायचा. चिकटलं नाही तर अ‍ॅल्युमिनियम, चिकटलं तर पोलाद, आणि पोलाद म्हणजे गाडी तिथेच उभी करायची. मी गेलो, की टॉर्च माझ्या हातात. ‘तुझे डोळे चांगले आहेत, बघ रे काही चमकतंय का!’ कधीच काही चमकलं नाही. कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल बदलायला १५ हजार मैलांची मुदत होती, हा पाच हजारांतच बदलायचा. गाडीवर झालेल्या खर्चात या भीतीचा खर्च मोठा होता, असं माझं तेव्हाही मत होतं.

साहजिकच त्याची नजर एस२००० कडे गेली. होंडाने आपल्या पन्नाशीची भेट म्हणून १९९९ मध्ये आणलेली ही गाडी. एनएसएक्सवाले शिगेरू उएहारा यांच्या हाताखाली घडलेली. दोन लिटरचं साधंसुधं दिसणारं चार सिलिंडरचं इंजिन, पण नऊ हजार आरपीएमपर्यंत चढणारं आणि टर्बो नसताना २४० अश्वशक्ती देणारं. अमेरिकेत नवी असताना ३२ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे बॉक्स्टरपेक्षा बरीच स्वस्त. बॉनेट उघडलं की लाल झाकणाचं इंजिन समोर, हात घालायला जागाच जागा. बॉक्स्टरचं इंजिन मात्र सीटच्या मागे दडवलेलं. मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट ओतायच्या जागा दिसतात, इंजिन पाहायचं तर छप्पर अर्धवट उभं करून गालिच्याखालचं झाकण काढावं लागतं. निम्म्या मालकांनी आपलं इंजिन कधी पाहिलेलं नसेल.

होंडाला दुखणी नव्हती असं नाही. थंडीत चालू करताना साखळीचा टेन्शनर खडखडायचा. सुरुवातीच्या काही गाड्या ऑइल प्यायच्या, त्यामुळे डिपस्टिक दर टाकीला बघायची सवय लावावी लागे. दुसरा गिअर घालताना काही गाड्या कुरकुरायच्या. मागचे टायर पाहता पाहता संपायचे. कापडी छप्पर घडीच्या रेषेवर फाटायचं. घाईत चुकीचा गिअर पडला तर नऊ हजारांच्याही पुढे गेलेलं इंजिन व्हॉल्व्हच्या रिटेनरला तडे देऊन जायचं. शिवाय ती चोरांची आवडती गाडी, सीटपासून हार्डटॉपपर्यंत काहीही उचललं जायचं, त्यामुळे विम्याचा आकडाही चढा. पण यातली बहुतेक दुखणी आधी आवाज करून सांगणारी, शे-दोनशे नाहीतर हजार-बाराशे डॉलरची. रात्रीत इंजिन गिळणारं त्यात काही नव्हतं.

बॉक्स्टरच्या बाजूची यादीही बेअरिंगपुरती नव्हतीच. कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकायची. ऑइल सेपरेटर गेला की मागून पांढऱ्या धुराचे लोट. इग्निशन कॉइलना भेगा. २००३ च्या आधीच्या गाड्यांची मागची प्लास्टिक खिडकी धुरकट व्हायची. पण ही सगळी कामं चांगला खासगी मेकॅनिक माफक पैशात करायचा, आणि हौशी माणूस शनिवारी घरीच. थोडक्यात, बेअरिंग वगळलं तर दोन्ही गाड्यांचं पोट साधारण सारखंच भरावं लागायचं, बॉक्स्टरचं थोडं जास्त.

आणि २००८ च्या सुमारास ते बेअरिंगही वगळता येऊ लागलं. इलिनॉयमधल्या एलएन इंजिनीअरिंगने सिरॅमिक गोळ्यांचं बदली बेअरिंग बाजारात आणलं. ते बसवायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं. म्हणजे क्लच बदलायची वेळ आली, की त्याच मजुरीत बेअरिंगही उरकता येतं. दोन्ही मिळून खासगी गॅरेजमध्ये दोन-तीन हजार डॉलर. आता गंमत बघा. तेवढ्याच वयाच्या एस२००० ला त्या काळात बॉक्स्टरपेक्षा काही हजार डॉलर जास्त मोजावे लागायचे, वर विक्रीकर वेगळा. म्हणजे होंडा घेताना जो फरक खिशातून जायचा, तेवढ्यात बॉक्स्टरचा क्लच नवा होऊन बेअरिंगची कटकट मिटत होती. तरी लोक फरकाच्या रकमेला ‘किंमत’ म्हणायचे आणि बेअरिंगच्या रकमेला ‘खर्च’. किंमत दिली की काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं, खर्च केला की गेल्यासारखं.

सांगलीकराने बराच काथ्याकूट केला. एस२००० चालवूनही पाहिली. सहा हजार आरपीएमच्या खाली तिच्यात जीवच नाही, ही त्याची पहिली तक्रार. ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये सहा हजार कुठून आणायचे? दुसरी तक्रार जास्त खरी असावी. बॉक्स्टरला दोन डिक्या, पुढे एक, मागे एक. पटेल ब्रदर्समधून आणलेली तांदळाची वीस पौंडी पिशवी पुढे, बाकी किराणा मागे, आणि बायकोचं ‘हिच्यात काही मावत नाही’ हे बोलणं कायमचं बंद. होंडाची एकुलती डिकी त्यात नापास झाली. शेवटी क्लच जड लागायला लागला तेव्हा त्याने बेअरिंग बदलून घेतलं आणि गाडी ठेवली. निघालेलं जुनं बेअरिंग मेकॅनिकने त्याच्या हातावर ठेवलं. ते अगदी धडधाकट होतं, बोटावर फिरवलं तर कुठे खरखर नाही.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात पोर्शेविरुद्धच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. २००१ ते २००५ च्या मॉडेलांच्या ज्या मालकांनी या बिघाडापायी पदरचे पैसे घातले होते, त्यांना भरपाईची वाट उघडली, अर्थात वयाच्या आणि मैलांच्या अटी घालून. सर्वांत जुन्या गाड्या तोवर त्या अटींच्या काठावर किंवा पलीकडे गेल्या होत्या. दाव्याचा दुसरा परिणाम जास्त टिकला. बेअरिंगची गोष्ट कधी गाडी न घेतलेल्या माणसालाही पाठ झाली, आणि बॉक्स्टरचे भाव आणखी बसले. दहा हजार डॉलरच्या आत चालती, देखणी बॉक्स्टर मिळणं नवलाचं उरलं नाही.

एस२००० चं नेमकं उलट झालं. मागणी रोडावल्याने होंडाने २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. दहा वर्षांत साऱ्या जगात मिळून लाखाच्या थोड्या वर गाड्या बनल्या होत्या आणि तशी गाडी होंडाने पुन्हा काढली नाही. नऊ हजारांपर्यंत फिरणाऱ्या, टर्बो नसलेल्या, हाताने गिअर बदलायच्या गाड्या संपत चालल्या तसा हिचा भाव चढत गेला. लिलावात कमी चाललेल्या एस२००० नव्या असतानाच्या किमतीच्या पुढे गेल्या. तेव्हा तीन-चार हजार जास्त देऊन जो होंडाकडे गेला, त्याचे ते पैसे पुढे व्याजासकट परत आले. सांगलीकराने बेअरिंगमध्ये घातलेले कधीच येणार नाहीत. देखभालीच्या हिशेबात तो बरोबर होता, आणि व्यवहारात हरला. मात्र हे २०१० मध्ये कोणाला दिसत होतं? तेव्हा एस२००० हीदेखील वर्षागणिक उतरणारी जुनी होंडाच होती. भाव चढतील म्हणून ती घेतली असं आज सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

म्हणून तेव्हाचा निवाडा मी असा करीन. रोज वापरायची गाडी, घरी दुसरी नाही आणि एका फटक्यात दहा हजार उभे करणं जड, अशा माणसाने होंडा घेतली ते शहाणपणाचं. ज्याचा क्लच तसाही बदलायला आला होता त्याने बॉक्स्टर ठेवली तेही शहाणपणाचं. फसला तो मधला: ज्याने भीतीपोटी बॉक्स्टर पडेल भावात काढली, एस२००० ही घेतली नाही आणि शेवटी जर्मनच हवी म्हणून दुसरीकडे जास्त पैसे घातले. असे बरेच होते.

आज ही अदलाबदल देखभालीचा खर्च वाचवायला कोणी करू नये, कारण दोन गाड्यांच्या भावातला फरक आता कित्येक बेअरिंगांच्या पलीकडे गेला आहे. जुनी बॉक्स्टर बघायला जाल तेव्हा बेअरिंग बदलल्याची पावती मागा. पावतीवर तारीख, मैल आणि बसवलेल्या बेअरिंगचा प्रकार लिहिलेला हवा, नुसतं ‘केलंय हो’ चालणार नाही. पावती नसेल तर क्लचसकट त्या कामाचे पैसे किमतीतून कापून घ्या. विकणारा ऐकत नसेल तर पुढची गाडी बघा, बाजारात अजून पुष्कळ आहेत.